रेडिओखालची सामायिक

आमच्या घरात रेडिओ आला तो माझ्या हट्टानं नव्हे, हे आधीच सांगून टाकते. गावात पुढं तसंच बोललं जायचं, की मारवाड्याच्या सुनेनं नवऱ्याकडं रेडिओ मागितला. मी कशाला मागते? मला तेव्हा शिवणाचं मशीन हवं होतं. पण आमचे हे एकदा मालासाठी पुण्याला गेले आणि येताना मोटारीच्या टपावर एक लाकडी पेटी बांधून घेऊन आले. मशीनच असणार म्हणून मी पिठाच्या हातांनी तशीच बाहेर धावले. पेटी उघडली तर आत रेडिओ. दोन दिवस मी ह्यांच्याशी बोलले नाही, आणि ह्यांच्या ते लक्षातही आलं नाही, कारण रेडिओ बोलत होता.

दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. अवसरी बुद्रुकला आमचं किराण्याचं दुकान होतं, पुढं दुकान आणि मागं घर. माझं माहेर जुन्नरचं, तिथंही दुकानच. आमची घराणी मूळची मारवाडातली, पण माझ्या आजोबांनासुद्धा मारवाड आठवत नव्हता. घरात तिकडचे चार शब्द राहिले होते, भांडण मात्र अस्सल मराठीत व्हायचं.

गावात वीज नव्हती. रेडिओ बॅटरीवर चालायचा आणि बॅटरी उतरली की बैलगाडीत घालून मंचरला भरायला न्यावी लागायची. म्हणून ह्यांनी नियम केला होता, रेडिओ फक्त रविवारी. घरावर दोन उंच बांबू बांधून त्यांच्यामध्ये तार ताणलेली, आणि दुसरी एक तार परसात जमिनीत पुरलेली. ती जागा सुकली की रेडिओ नुसता खरखरायचा. त्यामुळं रविवारी सकाळी तिथं कळशीभर पाणी ओतायचं काम माझ्याकडं आलं. पहिल्याच रविवारी सासूबाईंनी मला वाटेत अडवलं. पाणी गाळून घेतलंस का, म्हणाल्या. मी म्हटलं, अहो, कुणाला प्यायला द्यायचं नाही, मातीत ओतायचंय. त्यावर त्या म्हणाल्या, माती बघत नाही, पण पाण्यातले जीव मरतातच ना. तेव्हापासून मी दुहेरी फडक्यातून गाळलेलं पाणी रेडिओच्या तारेला घालत असे. जैनांचा रेडिओसुद्धा गाळलेलंच पाणी पितो, असं शेजारच्या पाटलीणबाईंनी गावभर केलं.

रेडिओ असायचा पुढं दुकानात आणि ऐकणारे पुरुष ओट्यावर. तिथं बायकांनी जाऊन बसायची सोय नव्हती, आणि आमच्यात तर सुनेनं गावातल्या मोठ्या माणसांसमोर यायचंच नसे. घरात रेडिओ आणि मी चुलीपाशी बसून भिंतीला कान लावायचा, हे मला मुळीच मानवलं नाही. मी आदळआपट सुरू केली. शेवटी ह्यांनी एक शक्कल काढली. रेडिओपासून भिंतीतून तार आत आणली आणि मागच्या कोठीच्या खोलीत, धान्याच्या कणग्यांवर जी फळी होती, तिच्यावर एक छोटा भोंगा बसवला. धूळ बसू नये म्हणून मी त्यावर फडकं टाकून ठेवलं. नव्या माणसाला वाटावं, वर काहीतरी गाठोडं ठेवलंय. रविवारी परसदारानं शेजारच्या बायका यायच्या आणि आम्ही त्या खोलीत बसून ऐकायचो. शिवणाचं मशीन नाही मिळालं, पण हे मिळालं, म्हणून मी ह्यांना माफ केलं.

रविवारी सकाळी भजन असायचं. दुपारी बॅटरी वाचवायला रेडिओ बंद. दिवेलागणीला पुन्हा सुरू झाला की आधी कुणा विद्वानाचं भाषण, मग गाणी, आणि शेवटी पुन्हा देवाचं काहीतरी. ओट्यावरचे शेतकरी भाषणाला मुद्दाम लवकर यायचे, कारण भाषणात त्यांना झोप फार छान लागायची. दिवसभर माळ्यावर उभं राहून बाजरीवरची पाखरं हाकलून आलेला माणूस भिंतीला टेकला की संपला. गाणं लागलं की एकमेकांना कोपरानं ढोसून उठवायचे. आमचे हे मात्र भाषण ताठ बसून ऐकायचे, आणि मग आठवडाभर तेच आम्हाला ऐकवायचे.

आता माझ्या भावाचं सांगते. तो माझ्याहून बराच लहान. आई आमची लवकर गेली, त्यामुळं तो माझ्याच कडेवर वाढला. बापूजींनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याला मुंबईला नात्यातल्या कापडाच्या पेढीवर धंदा शिकायला ठेवलं. धंदा शिकला की नाही देव जाणे, गाणं शिकला. एकदा बापूजी न कळवता मुंबईला गेले, तर हा पेढीवर नाही. शोधत शोधत गेले, तर कुणाच्या तरी लग्नाच्या मांडवात पेटी पुढ्यात घेऊन गात बसलेला. बापूजींनी भरल्या मांडवात त्याला ऊठ म्हटलं. तो म्हणाला, एवढं संपवतो आणि उठतो. झालं! बापूजी आल्या पावली फिरले ते थेट जुन्नर. त्याला तीन वर्षं होऊन गेली होती. बापलेकांत शब्द नाही. घरात त्याचा विषय निघाला की बापूजी उठून दुकानात जाऊन बसायचे. मला बापूजींचा राग यायचा आणि त्याचाही यायचा. उठला असता तेव्हा, तर काय गळा बसणार होता?

तर त्या वर्षी पर्युषणात, म्हणजे आमच्या उपासतापासाच्या दिवसांत, मंचरचा एक कापडाचा दलाल मुंबईहून त्याचा निरोप घेऊन आला. येत्या रविवारी दिवेलागणीला रेडिओवर तो दोन स्तवनं म्हणणार होता. ताईनं कसंही करून बापूजींना ऐकवावं. ऐकून त्यांनी बरा-वाईट एक शब्द जरी सांगून धाडला, तरी तो घरी येईल. नाहीतर एक नाटक कंपनी त्याला कलकत्त्याला न्यायला बसलीच होती, आणि तिकडं गेला की तो काही परत फिरणार नव्हता. दलाल तर हसत हसत सांगून गेला. मला मात्र काम सुचेना. कलकत्ता म्हणजे आम्हाला तेव्हा जगाचं दुसरं टोक. ज्याला मी घास भरवला, तो तिकडं कुठं कुणाच्या हातचं खाणार, असंच मनात यायला लागलं.

सुदैवानं पर्युषण उरकतच आलं होतं. ते संपलं की आमच्यात खमतखामणा असतो. वर्षभरात कळत नकळत कुणाला दुखवलं असेल त्याची क्षमा मागायची. लहानांनी मोठ्यांची, मोठ्यांनी लहानांची, आणि नात्यातल्या माणसांच्या दारी जाऊन हात जोडायचे. बापूजी दरवर्षी माझ्या सासरी यायचेच. मी निरोप धाडला, यंदा रविवारीच या. का ते सांगितलं नाही.

आले. मोटारीनं मंचर आणि तिथून आमची बैलगाडी. आल्या आल्या त्यांनी सासूबाईंना हात जोडले, ह्यांना जोडले, मला जोडले, दुकानातल्या तोलाऱ्याला जोडले. पाटलीणबाई ताकाची लोटी न्यायला आल्या होत्या, त्यांनाही जोडले. त्या बिचाऱ्या घाबरून म्हणाल्या, पावणं, माझ्याकडं काय चुकलं? मी बाजूला उभी राहून बघत होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. डासांची, मुंग्यांची, पाण्यातल्या न दिसणाऱ्या जीवांची, सगळ्यांची क्षमा मागून झाली. पोटचा एक मुलगा तेवढा राहिला. हे मी बोलणारच होते, पण सासूबाईंनी डोळे वटारले म्हणून गिळलं.

माझा बेत साधा होता. बापूजींना ह्यांच्याशेजारी ओट्यावर बसवायचं, काही सांगायचं नाही. एकदा गाणं सुरू झालं की चारचौघांत उठून कुठं जातील? ह्यांना मी शंभरदा बजावलं होतं. पण आमच्या ह्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. आमच्यात दिवस मावळल्यावर जेवत नाहीत, म्हणून उजेडातच जेवणं झाली, रेडिओ लावायची वेळ झाली, आणि हे आनंदानं म्हणाले, मामा, आज आमच्या मेहुण्याचं गाणं आहे बरं का. मी दाराआडून कपाळावर हात मारून घेतला.

कार्यक्रम किती वेळ चालतो, एवढंच बापूजींनी विचारून घेतलं. कपाळावर एक आठी तेवढी चढली. मग शांतपणे म्हणाले, माझी सामायिकीची वेळ झाली.

सामायिक म्हणजे दोन घटका, पाऊण तासभर, सगळं सोडून बसायचं. आसन घालायचं, तोंडाला मुहपत्ती, म्हणजे कापडाची पट्टी, बांधायची, वाळूची घडी उलटी करून पुढ्यात ठेवायची, आणि वाळू खाली पडेपर्यंत राग नाही, लोभ नाही, जागेवरून हलणं नाही. भाषण, गाणी, सगळा कार्यक्रम तेवढ्यात उरकतो हे त्यांनी ह्यांच्याकडूनच विचारून घेतलं होतं. मला इतका संताप आला की सांगता सोय नाही. देवाधर्माच्या आड लपतात, असं मी पुटपुटलेसुद्धा. ते आसन काखेत मारून घरातून फिरले. माजघरात सासूबाईंची उठबस होती. पुढं गर्दी. मग शांत जागा म्हणून ते कुठं गेले असतील? कोठीच्या खोलीत. कणग्यांपाशी जमीन झाडून घेतली, आसन घातलं आणि बरोबर त्या फळीखाली मांडी घालून बसले.

मी दारातच थिजले. मग फळीवरच्या भोंग्याचं सांगायला पुढं झाले, तोच सासूबाईंनी माझा हात धरला. त्यांनी बापूजींकडं पाहिलं, फळीवरच्या फडक्याकडं पाहिलं, आणि माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "व्याही आपल्या पायांनी गेलेत तिथं. आपण कुणी बसवलं नाही."

तोवर बापूजींनी व्रताचा पाठ म्हणून घडी उलटी केली होती. आता गंमत अशी, की या व्रतात नुसतं आपण काही करायचं नाही एवढंच नसतं, दुसऱ्याकडून करवूनही घ्यायचं नसतं. म्हणजे ते स्वतः उठून भोंगा बंद करू शकत नव्हते, आणि बंद करा असं कुणाला सांगूही शकत नव्हते. बाहेर ह्यांनी रेडिओची कळ फिरवली. आधी खरखर झाली, आणि मग बापूजींच्या डोक्यावरून एक विद्वान गृहस्थ घसा खाकरून बोलायला लागले.

बापूजी दचकले. वर पाहिलं, दाराकडं पाहिलं. दारात मी उभी. त्या नजरेत काय होतं ते मी कधी विसरणार नाही, पण मुहपत्ती बांधलेला माणूस रागावू शकत नाही, म्हणून त्यांनी डोळे मिटले. मागून परसदारानं पाटलीणबाई आणि आणखी दोघी आल्या. सामायिकीतल्या पुरुषाच्या खोलीत बायकांनी बसायचं नसतं, म्हणून त्या माझ्यामागं उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. पावण्यांनी तोंड का बांधलंय, असं पाटलीणबाईंनी विचारलं. मी म्हटलं, आत्ता नाही सांगता येत, बाई.

भाषण क्षमेवरच होतं. पर्युषण नुकतं झालेलं, गावोगाव गणपती बसलेले, सगळ्यांना चालेल असाच विषय त्यांनी घेतला असणार. गृहस्थ बोलतच राहिले. माणसानं मन मोठं करावं, मनात काही धरू नये, वगैरे वगैरे. ओट्यावरून घोरण्याचा आवाज येत होता. एरवी मीही कंटाळले असते, पण त्या दिवशी मला वाटत होतं, बोला हो, अजून बोला, ऐकणारा एक माणूस आज जागचा हलू शकत नाही. मध्येच वाटायचं, भाषण असंच लांबलं आणि गाणं व्हायच्या आधी वाळू संपली तर? घडीतली वाळू निम्म्याहून खाली उतरली होती. 

शेवटी गृहस्थ थांबले, आणि निवेदकानं माझ्या भावाचं नाव घेतलं. आडनावासकट. जुन्नरच्या दुकानावरच्या पाटीला असलेलं आडनाव आमच्या कोठीच्या खोलीत कणग्यांवरून घुमलं. पाटलीणबाईंनी माझा दंड घट्ट धरला.

त्यानं पहिलं स्तवन सुरू केलं आणि मला रडू फुटलं. काही मोठी अवघड चीज नव्हती. बापूजी रोज सकाळी दुकान उघडताना म्हणायचे तेच होतं. दुकानाच्या दाराला लाकडी फळ्या असायच्या, एकेक काढून भिंतीला लावायची. बापूजी म्हणता म्हणता फळ्या काढायचे, आणि मधली मोठी फळी उचलताना त्यांचा दम थांबायचा. तेवढी ओळ मध्येच तुटायची, फळी खाली टेकली की पुढं सुरू. माझा भाऊ पायरीवर बसून ते ऐकत वाढला. त्याला वाटलं, चालच तशी आहे. आणि मुंबईला एवढं शिकून, एवढ्या साजिंद्यांसोबत गाताना तो त्या ओळीला नेमका तिथंच थांबला. तिथं थांबायचं काही कारण नव्हतं. साजिंदेसुद्धा थांबले. मग ओळ पुढं गेली.

त्या थांबण्याला बापूजींचे खांदे वर उचलले गेले. मी बघत होते. हातातल्या माळेचे मणी जागच्या जागी राहिले. डोळे मिटलेलेच होते, पण मुहपत्ती ओली व्हायला लागली.

पहिलं स्तवन संपलं. दुसरं सुरू व्हायच्या आधी निवेदक काहीतरी बोलत होता आणि त्याच वेळी घडीतली वाळू संपली. व्रत पुरं झालं होतं. आता ते उठू शकत होते. आसन गुंडाळून परसदारानं बाहेर जाऊ शकत होते, भोंगा बंद कर म्हणून मला दरडावू शकत होते. मी माझ्या नकळत दारातून बाजूलाही झाले, वाट द्यायला. बापूजींनी डोळे उघडले. रिकाम्या घडीकडं जरा वेळ बघत राहिले. मग हात पुढं केला आणि ती पुन्हा उलटी केली.

पहिली सामायिक त्यांनी गाणं ऐकू येऊ नये म्हणून धरली होती. दुसरी कशासाठी ते मला कुणी समजावून सांगायला नको होतं. मी सासूबाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, आणि त्या हळूच म्हणाल्या, अगं, नीट ऐकू तरी दे.

दुसरं स्तवनही छान झालं. त्यानंतर कुणा दुसऱ्यांचं भजन लागलं, ते ओट्यावरच्यांनी टाळ्यांचा ताल धरून ऐकलं. बापूजी वाळू संपेपर्यंत बसून राहिले. मग उठले, आसन झटकलं, माझ्याकडं न बघता पुढं दुकानात गेले. मी दाराआडून ऐकत होते. रेडिओ बंद झाला होता आणि शेतकरी घोंगड्या झटकून निघायच्या तयारीत होते. त्यातला एक म्हातारा ह्यांना म्हणाला, "पयलं जे गायलं ना भाऊ, लई ग्वाड व्हतं. कुणाचं प्वार हाय ते?"

हे बापूजींकडं बघायला लागले. ह्यांच्या तोंडाला कुलूप लागलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"माझं," बापूजी म्हणाले. "माझा मुलगा आहे तो."

म्हाताऱ्यानं सरळ त्यांचे हात हातात घेतले. मग बाकीचेही आले. जुन्नरचे पावणे म्हणजे रेडिओवाल्याचे वडील, हे कळल्यावर त्यांना कुणी सोडेना. गणपतीच्या आरतीला चला, आमच्या वस्तीवर चला, असं चाललं होतं. बापूजी सगळ्यांना हो म्हणत होते. इतकं ऐकून घेणारे बापूजी मी कधी पाहिले नव्हते.

गर्दी पांगल्यावर मी पुढं गेले. म्हटलं, दलालाकडून सांगून धाडते, त्याला लगेच बोलावून घेऊ. बापूजी म्हणाले, "क्षमा मागायची असली की आपण दारी जायचं असतं. बोलावून मागत नाहीत. मी उद्या मुंबईला निघतो."

मी म्हटलं, चूक त्याचीही होती. ते म्हणाले, ती त्याची तो बघेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे आणि मी त्यांना मंचरला सोडायला गेलो. मी दशम्यांचं गाठोडं बांधून दिलं होतं, अर्ध्या त्यांच्या आणि अर्ध्या भावाच्या. बापूजी मोटारीत खिडकीशी बसले. रात्रभर झोपले नसावेत, डोळे लाल दिसत होते. मोटार सुरू झाली, तेव्हा त्यांनी मला हातानं जवळ बोलावलं. मला वाटलं, भोंग्यावरून आता बोलणी बसणार.

"तो काल दिवेलागणीला गात होता," ते म्हणाले. "मग जेवला कधी गं तो? दिवस असताना जेवला असेल ना?"

मोटार हलली. मी तिच्याबरोबर चार पावलं धावले आणि मोठ्यानं ओरडून सांगितलं की जेवला असेल, नक्की जेवला असेल. मला काय माहीत होतं? पण त्यांनी मान हलवली.